स्ट्रीमरवर लाखभर घालण्याआधी

मित्रा, नेटवरची गाणी वाजवणारं यंत्र, म्हणजे स्ट्रीमर, लाखभर घालून घ्यायला निघालायस, पण जरा थांब. तुझ्याकडे वेगळा डॅक, म्हणजे गाण्याच्या आकड्यांचा आवाजाचा विद्युत संकेत बनवणारं यंत्र, आहेच. मग स्ट्रीमरचं काम एवढंच उरतं, की नेटवरून आलेले आकडे जसेच्या तसे डॅककडे पोचवायचे. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा. रास्पबेरी पायसारखा साधा, छोटासा संगणकसुद्धा हे आरामात करतो. वाटेत या आकड्यांचं एखादं पॅकेट हरवलं तर सहसा ते परत मागवलं जातं, तोवर बफरमधलं, म्हणजे आधीच साठवून ठेवलेलं, गाणं वाजत राहतं. त्यामुळे महागड्या स्ट्रीमरने तबल्याच्या बायाँला जास्त घुमारा येतो, हे मला पटत नाही.

दुकानात फरक ऐकू येतो खरा. पण महाग आणि स्वस्त, दोन्ही स्ट्रीमरच्या आवाजाची पातळी सारखी केलीय का ते बघ, आणि तेही मीटरने. डेसिबलभर मोठं वाजणारं यंत्र आपल्याला ‘मोकळं’ वाटतं. आवाज जुळवल्यावर दुसऱ्याला अदलाबदल करायला लाव आणि न बघता ओळख.

चांगलं ॲप, मोठा स्क्रीन, दणकट बांधणी हवी असेल तर खुशाल पैसे टाक. डॅक नसता तर स्ट्रीमरच्या आतल्या डॅकचाही विचार करावा लागला असता.

पैसे स्पीकरवर घाल, आणि खोलीवर. साखर पेठेतली तुझी ती खोली, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. टाळी वाजवून बघ, कशी झणझणत परत येते! जाड सतरंजी टाक, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लाव. शेजारचे यंत्रमाग बंद असतील तेव्हाच ऐकायला बस. त्या खडखडाटात लाखाचं काय नि पाच हजारांचं काय, काहीच कळणार नाही.