तो गणपती तिचा नव्हता

प्रश्न : ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. हात ताठरतात, बोलणं फक्त घरच्यांना कळतं. शाळेच्या चित्रकला स्पर्धेसाठी मी तिचा हात धरून गणपती काढून घेतला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. घरी आल्यावर तिने ते चित्र फाडलं. सासूबाई म्हणतात, चित्रांत वेळ घालवण्यापेक्षा व्यायाम करून घे. माझं काय चुकलं?
– एक आई, मिरज

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या फाडलेल्या चित्रापाशी थांबले. तुम्हाला तो हट्ट वाटला असेल. मला वाटतं, तुमची लेक इतकं स्पष्ट याआधी क्वचितच बोलली असेल. रेषा तुमची आणि बक्षीस तिला! जिचं जेवण, आंघोळ, वेणी सगळं दुसऱ्याच्या हातून होतं, तिला हे फार लागतं.

तुम्ही प्रेमापोटीच केलंत. पोर मागे पडू नये म्हणून कितीतरी आया हेच करतात. पण आता तिचा हात सोडा.

मदत करायची ती कागदाला आणि खडूला करा. कागद टेबलाला चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवा. खडूभोवती जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा, म्हणजे तो मुठीत नीट बसेल. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या; अंग सावरण्यातच जोर गेला तर हाताला काय उरणार? कसं बसवायचं ते तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना, विचारून घ्या. मग दोन रंग समोर धरा, नजरेने निवडू द्या आणि थांबा. हे थांबणं फार जड जातं. आपला हात आपसूक पुढे जातो.

कुंचल्याचाच आग्रह नको. अमेरिकेतल्या ज्युडिथ स्कॉट यांना डाउन सिंड्रोम (बौद्धिक वाढ संथ ठेवणारी जन्मजात अवस्था) होता, ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. लहानपणापासून पस्तीसेक वर्षं संस्थांमध्ये गेली. १९८७ मध्ये ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाकेंद्रात त्या आल्या, तेव्हा चाळिशी उलटली होती. जवळजवळ दोन वर्षं रंग-कागदात त्यांचं मन रमलं नाही. मग सूत हाती लागलं. सापडेल त्या वस्तूभोवती धागे गुंडाळत त्यांनी शिल्पं घडवली, अगदी २००५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. आज ती संग्रहालयांत आहेत. मला मात्र त्या शिल्पांहून ती रिकामी दोन वर्षं मोठी वाटतात. तेवढा अवकाश त्यांना मिळाला.

तुमच्या लेकीलाही शाडूची माती, लोकर, भेंडीचे ठसे असं काय काय हाताळू द्या.

व्यायाम चालूच ठेवा, त्यात सासूबाईंचं खरं आहे. पण चित्राच्या वेळेत ‘हात सरळ कर, अजून दहा रेघा ओढ’ हे नको. तो वेळ तिचा. सासूबाईंनाच भेंडी कापून द्यायला शेजारी बसवा ना!

आणि त्या गणपतीबद्दल लेकीची माफी मागा, साध्या शब्दांत. तिला सगळं कळतं. मग कोरा कागद लावून द्या. काढायचं की नाही, ते ती ठरवेल. काढलंच, तर ‘हे काय आहे?’ असं लगेच विचारू नका. ‘तुझं नाव कुठे लिहू?’ एवढंच विचारा.