अमेरिकेची निवडणूक पहिल्यांदाच पाहताय?
स्वागत! आधी एकच आकडा लक्षात ठेवा: २७०. एकूण इलेक्टर (राज्याराज्यांतून निवडले जाणारे, राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे लोक) ५३८, त्यातले किमान २७० ज्याला मिळतील तो राष्ट्राध्यक्ष. बहुतेक नवखे इथेच चुकतात, देशभरातली मतं मोजत बसतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली, तरी त्या हरल्या. कारण मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत जिंकणाऱ्याला तिथले सगळे इलेक्टर मिळतात. म्हणून देशव्यापी जनमत चाचण्या बाजूला ठेवा. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशी अटीतटीची राज्यं बघा.

उमेदवारीचं थोडक्यात:
- प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यनिहाय मतदानात, लोक मत देतात, त्यावरून प्रतिनिधी ठरतात.
- हे प्रतिनिधी उन्हाळ्यातल्या पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडतात.

कॉकस, सुपरडेलिगेट वगैरे आत्ता नको. निकालाच्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळी, नकाशा समोर ठेवून बसा.