मिठाच्या पाण्यात स्टीलचे चमचे घालून इलेक्ट्रोलिसिस केलं तर पाणी हिरवट-पिवळं का होतं?

आधी अडॅप्टर बंद करा, खिडक्या उघडा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मिठाच्या पाण्यात स्टीलचे दोन चमचे घालून १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडला, पाणी हिरवट-पिवळं झालं, स्विमिंग पूलसारखा वास येतोय, आणि आता हायड्रोजन-ऑक्सिजन वेगवेगळे भरायचेत. पण मिठाच्या पाण्यातून ऑक्सिजन फारसा मिळतच नाही. निगेटिव्हला हायड्रोजन निघतो, पॉझिटिव्हला मुख्यतः क्लोरीन, वास त्याचाच. पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होतो आणि क्लोरीन त्यात मिसळला की झालं ब्लीच.

रंगाचं कारण मात्र चमचा आहे. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवायच्या) कामात आहे त्यामुळे हे कळकळीने सांगतोय, स्टेनलेस स्टील पॉझिटिव्हला लावलं की ते विरघळतं, त्यातलं लोखंड, निकेल, क्रोमियम सगळं पाण्यात उतरतं, आणि क्लोरीन-ब्लीच सोबत असल्यामुळे त्यातलं काही क्रोमियम हेक्साव्हॅलेंट (त्याचं विषारी रूप) होऊ शकतं, ज्याने कॅन्सर होऊ शकतो. आमच्याकडे असलं पाणी तसंच सोडता येत नाही, आधी ॲसिडने पीएच खाली आणायचा, मग मेटाबायसल्फाइट टाकून पिवळ्याचं हिरवं होईपर्यंत थांबायचं, मग चुना घालून गाळ बसवायचा. हे घरी अजिबात करू नका, कारण तुमच्या पाण्यात ब्लीच आहे, त्यात ॲसिड, लिंबू, टॉयलेट क्लीनर काहीही पडलं की क्लोरीन भसकन बाहेर येईल. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत ओता, झाकण सैल ठेवा, वर नाव लिहा आणि शाळेच्या लॅबमध्ये सरांकडे द्या. बेसिनमध्ये किंवा झाडांना नको. चमचेही परत जेवणात घेऊ नका.

(आरओ विकायला येणारे काही जण नळाच्या पाण्यात सळ्या बुडवून ते तपकिरी करून दाखवतात ना, तेही हेच. सळीचं लोखंड विरघळतं, पाण्यातली घाण दिसत नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून करंट जात नाही, चिमूटभर मीठ टाका, तेही तसंच होईल.)

आता प्रदर्शनासाठी. चमच्यांऐवजी दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली घ्या, अडॅप्टरऐवजी ९ व्होल्टची बॅटरी, क्लिपवाल्या वायरी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतील (नाशिकला एमजी रोडवर). घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट काही जोडायचं नाही, त्यात जीव जाऊ शकतो. ग्लासावर झाकण नको, हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून जवळ मेणबत्ती-उदबत्तीही नको.

गॅस भरायचा असेल तर मीठ काढून धुण्याचा सोडा घाला, कॉस्टिक नाही, साधा. मग पॉझिटिव्हला क्लोरीनऐवजी ऑक्सिजन येतो. पुस्तकात हायड्रोजन दुप्पट असं असतं, पण पेन्सिलीवर ऑक्सिजन निम्म्यापेक्षा थोडा कमीच भरतो कारण त्यातला काही शिसाच्या कार्बनला खातो, पाणी काळसर होतं ते त्यामुळेच. परीक्षकांनी विचारलं तर मुलीला हे सांगता आलं पाहिजे.

आणि मिठाचाच प्रयोग दाखवायचा असेल तर गॅस भरूच नका, हळद वापरा. उथळ पांढऱ्या बशीत पाणी, चमचाभर मीठ, चिमूटभर हळद, पेन्सिली दोन टोकांना, पाणी न हलवता. निगेटिव्हच्या शिसाभोवती थोड्याच वेळात लालसर वलय उठतं, ते पसरत जातं, कारण तिथे कॉस्टिक सोडा होतोय, हळदीत चुना घालून कुंकू करतात तेव्हा रंग बदलतो त्याचं कारण हेच. पॉझिटिव्हकडे उलटं, हळदीचा रंग उडून पाणी फिकं पडतं, ते क्लोरीनचं काम. एका बशीत दोन्ही दिसतं, चौथीतल्या पोरालाही समजतं. गॅलरीत करा, पाचेक मिनिटांत वायर काढा, वाकून वास घेऊ देऊ नका. हे पाणी थोडंच असतं आणि त्यात धातू नाही, भरपूर पाण्याबरोबर बेसिनमध्ये सोडलं तरी चालेल.