केंटे नेसली, पांघरली की घातली?

घानातल्या लग्नांवरच्या एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका ताईंनी तीन शंका विचारल्या आहेत. केंटे म्हणजे तिथले हातमागावरचे कापड, तर 'केंटेची साडी नेसलेली वधू' हे चालेल का? मुळात 'डाउरी' आहे, तिथे 'हुंडा' लिहावे का? आणि 'एंगेजमेंट'ला 'साखरपुडा' म्हणावे का?

आधी थोडक्यात सांगतो. 'साडी' नको. 'नेसलेली' कुठे बरोबर ठरेल, कुठे चुकेल. 'हुंडा' अजिबात नको आणि 'साखरपुडा'ही नको.

पहिली शंका मला सगळ्यात आवडली, कारण तिचे उत्तर क्रियापदात आहे. मराठीत लुगडे नेसतात, शाल पांघरतात, पदर घेतात, पटका बांधतात आणि सदरा घालतात. 'साडी घातली' असे कुणी म्हटले की माझी आजी हातातले काम थांबवून म्हणायची, "साडी नेसतात गं, घालतात ते झबलं." अंगाभोवती गुंडाळायचे कापड आणि शिवलेला कपडा यांतला हा फरक आपली भाषा क्रियापदात सांभाळते. घानातल्या अकान लोकांची त्वी भाषाही तेच करते. कापड अंगाभोवती घ्यायचे असेल तर क्रियापद 'फुरा', शिवलेला कपडा असेल तर 'शे'. न्तोमा, म्हणजे कापड, फुरा करायचे. अतादे, म्हणजे झगा, शे करायचा. इंग्रजीच्या एकाच 'वेअर'मध्ये हा भेद बुडून जातो. इंग्रजीवरून मराठीत येताना तो परत आणायची संधी तुम्हाला आहे, ती सोडू नका.

आता केंटेकडे जवळून पाहू. ती अखंड पन्ह्याची विणलेली नसते. अरुंद मागावर साधारण 4 इंच रुंदीच्या लांबलचक पट्ट्या विणतात आणि त्या कडेला कड लावून शिवत जातात, तेव्हा कुठे एक कापड तयार होते. कुमासी शहराजवळचे बोनविरे हे अशांती (अकानांपैकीच एक समाज) विणकरांचे गाव, तर एवे या दुसऱ्या समाजाच्या विणकरांसाठी क्पेटोए प्रसिद्ध आहे. अशांती लोक तिला 'न्वेन्तोमा' असेही म्हणतात. त्याचा अर्थ फक्त 'विणलेले कापड'. 2024 साली युनेस्कोने या विणकामाचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

जुन्या रीतीने पुरुष हे भलेमोठे कापड अंगाभोवती घेऊन डाव्या खांद्यावर टाकतो, उजवा खांदा उघडा राहतो. कापड सारखे घसरते, म्हणून समारंभभर त्याचा हात ते गोळा करून खांद्यावर सारत असतो. इथे 'पांघरली' हेच क्रियापद शोभते. बाईची रीत दोन कापडांची, एक कमरेपासून खाली आणि एक वर. तिथे 'नेसली' म्हणा, नि:शंक म्हणा.

आजची वधू मात्र बहुधा केंटेचा गाऊन शिवून घेते. अंगाला घट्ट, चोळीच्या भागात आतून काड्या घातलेला, बाह्यांना जाळी, त्यावर मणी आणि खडे. शिंप्याची खरी कसोटी इथे लागते. पट्ट्या मुळातच जोडलेल्या असल्याने कात्री कुठेही चालवून भागत नाही, नक्षीचे चौकोन कमरेवर आणि छातीवर जुळावे लागतात. हा गाऊन ती 'घालते'. म्हणजे परंपरा आणि नवी फॅशन यांच्यातली सीमा तुमच्या वाक्यात एका क्रियापदाने दाखवता येईल, वेगळा परिच्छेद लिहायची गरज नाही. आपल्याकडे शिवलेली नऊवारी आल्यापासून नेमके हेच झाले आहे. ती मुली 'घालतात', आणि तिथे आजीलाही हरकत घेता आली नसती.

काबा-स्लिट हा शब्द तसाच ठेवा. काबा म्हणजे शिवलेला ब्लाउज, स्लिट म्हणजे घोट्यापर्यंतचा घट्ट स्कर्ट. जोडीला तिसरे कापड असते, 'अकातासो'. नावाचा अर्थच 'वरून झाकणारे'. डोक्याला बांधायचा रुमाल तो डुकू. हा डच 'डूक'वरून आलेला शब्द, किनाऱ्यावर डच 1872 पर्यंत होते त्याची खूण.

भेटवस्तूंत एक सापळा आहे. तिथे वधूला छापील कापड यार्डांत देतात, 6 यार्ड म्हणजे हाफ पीस आणि 12 म्हणजे फुल पीस. यार्ड म्हणजे आपला वार, तेव्हा 'सहा वार कापड' लिहा. चुकूनही 'सहावारी' लिहू नका, वाचकाच्या डोळ्यांसमोर साडीच उभी राहील.

आता हुंडा. घानातले लोक इंग्रजी बोलताना सर्रास 'डाउरी' म्हणतात, पण ते देणे वराकडून वधूच्या घरी जाते. आपला हुंडा उलट दिशेने जातो. तो शब्द वापरलात तर देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होईल आणि सगळा लेख उलटा वाचला जाईल. मग 'देज' का नको? आपल्याकडे काही आदिवासी समाजांत वराकडून वधूच्या बापाला जे देतात त्याला देज म्हणतात, दिशा अगदी जुळते. उत्तर घानातल्या दगाबा लोकांत गाईगुरे आणि कवड्या देत, तिथे मी देजच लिहीन. अकान लोकांबद्दल मात्र थांबेन. त्यांच्यात वंश आईकडून चालतो, मुले आईच्या कुळाची, म्हणून देजाची कल्पना तिथे नीट बसत नाही. त्यांच्या देण्याचे नाव आहे 'तिरी न्सा': तिरी म्हणजे डोके, न्सा म्हणजे दारू. एवे भाषेतही मागणी घालण्याला 'ताबिआबिआ' म्हणतात, शब्दशः डोके मागणे. तिरी न्साचा गाभा आहे मद्याची बाटली, बहुतेकदा श्नॅप्सची. ती स्वीकारण्यापूर्वी वधूला सगळ्यांसमोर तीनदा विचारतात, "हे आम्ही घेऊ ना?" तिने हो म्हटल्यावरच पुढचे. मी 'तिरी न्सा' हा शब्द ठेवून पहिल्यांदा त्यापुढे 'मानाचे मद्य' असे लिहीन. मानपानातला 'मान' इथे चपखल बसतो.

याच देण्याघेण्यात एक 'अकोन्ता सेकान' असते, म्हणजे 'मेव्हण्याचा कोयता'. इतकी वर्षे बहिणीची राखण केली म्हणून वधूचे भाऊ वराकडून पैसे वसूल करतात आणि घासाघीस हसतखेळत चालते. तळटीप न देता एवढेच लिहा: 'आपल्या कानपिळीसारखे'. वराचा कान पिळून आहेर घेणारा वधूचा भाऊ मराठी वाचकाला लगेच आठवेल.

राहिली एंगेजमेंट. मिशनरी आणि 1884 चा विवाहविषयक वटहुकूम यांच्या काळापासून चर्चमधले लग्न तेच 'खरे लग्न' आणि घरचे विधी म्हणजे 'एंगेजमेंट' अशी बोलण्याची पद्धत पडली, ती आजही चालू आहे. प्रत्यक्षात कुटुंबांनी मद्य स्वीकारले की रूढीप्रमाणे ते दोघे नवरा-बायको होतात. अशा विवाहांच्या नोंदणीसाठी 1985 चा स्वतंत्र कायदाही आहे. साखरपुडा मोडता येतो, हे मोडायला घटस्फोट लागतो. म्हणून 'पारंपरिक विवाह' लिहा. त्याआधी वराकडची मंडळी दार ठोठावायला येतात, 'कोकोओको' नावाचा विधी, त्याला 'मागणी' म्हणा.

तर तुमचे वाक्य मी असे करीन: 'पारंपरिक विवाहात वधूने केंटेचा गाऊन घातला होता, तिची आई केंटे नेसली होती आणि मामांनी ती डाव्या खांद्यावरून पांघरली होती.'