चित्रकलेतलं काही कळत नसेल तर 'लव्हिंग व्हिन्सेंट' बघावा का, की बोर होईल?

बघा की! चित्रकला कळत नाही म्हणून बिचकू नका, माझं स्वतःचं ड्रॉइंग इंटरमिजिएटच्या सी ग्रेडवर संपलंय (स्थिरचित्रातला तांब्या कलंडल्यासारखा आला होता), तरी हा पिक्चर मी तीनदा पाहिलाय. फक्त स्टोरीसाठी बसाल तर मधे जांभया येतील हे आधीच सांगतो.

स्टोरी एवढीच की साल 1891, चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग (गॉग म्हणा, गॉख म्हणा, आपल्याकडे सगळं चालतं) जाऊन वर्ष झालंय, त्याचं एक पत्र भाऊ थिओला पोचायचं राहिलंय म्हणून पोस्टमन रूलँ आपल्या पोराला धाडतो, तर थिओही व्हिन्सेंटमागे सहाच महिन्यांत गेलेला. मग हा पोरगा, व्हिन्सेंट जिथे गेला त्या फ्रान्समधल्या ओव्हेर गावात खानावळीतल्या मुलीला, नाववाल्याला, व्हिन्सेंटच्या डॉक्टर गाशेंना, दिसेल त्याला विचारत सुटतो की गोळी व्हिन्सेंटने स्वतःच मारून घेतली की दुसऱ्या कुणी मारली. प्रत्येकजण वेगळंच सांगतो. मला ही चौकशी जरा ताणलेलीच वाटली.

पण रंग बघा हो! आधी नटांना घेऊन शूटिंग केलं आणि मग एकेक फ्रेम कॅनव्हासवर ऑइल कलरने हाताने रंगवली, सव्वाशेच्या आसपास चित्रकार आणि जवळपास 65,000 फ्रेम्स. एका सेकंदाला 12. म्हणजे कुणी नुसती मान वळवली तरी तेवढा भाग खरवडायचा, परत रंगवायचा, फोटो काढायचा, की पुन्हा खरवडायचा, आणि शॉट संपला की कॅनव्हासवर उरते फक्त शेवटची फ्रेम, आधीची सगळी मेहनत तिच्याखाली गेलेली. रूलँच्या पोराचं पिवळं जाकीट बघा, तो नुसता गप्प बसलेला असतो तरी त्यावरचे ब्रशचे फटकारे वळवळत असतात. फ्लॅशबॅक मात्र ब्लॅक अँड व्हाइट आणि गुळगुळीत आहेत, तेही हातानेच रंगवलेत पण तिथे मला जुना फोटो हलवल्यासारखं वाटलं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पिक्चरमधे सगळे व्हिन्सेंट मेला कसा तेच विचारतात, काम कसं करायचा ते कुणी विचारतच नाही. स्वतःचा कान कापणं, सँ-रेमीचं वेड्यांचं हॉस्पिटल हे सगळं खरंच आहे, पण माणसाने 27 व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि 37 व्या वर्षी गेला, तेवढ्यात आठशेच्या वर ऑइल पेंटिंग्ज! ओव्हेरला तर जेमतेम 70 दिवस होता आणि तिथे साधारण दिवसाला एक चित्र. थिओला लिहिलेली सहाशेच्या वर पत्रं आहेत, त्यात रडगाणं असतंच, पण क्रोम यलो इतक्या ट्यूब, झिंक व्हाइट इतक्या ट्यूब अशा किराण्याच्या यादीसारख्या याद्याही आहेत. हा रोज कामाला जाणारा माणूस स्टोरीत फारसा दिसत नाही, पिक्चर रंगवणाऱ्यांच्या मेहनतीत दिसतो.

शक्यतो मोबाईलवर नका बघू, फटकारे दिसणार नाहीत. आणि पिक्चर संपला असं वाटलं की लगेच बंद पण करू नका, शेवटी यातल्या बऱ्याच लोकांची व्हिन्सेंटने काढलेली मूळ पोर्ट्रेट्स दाखवतात, त्यात ते पिवळं जाकीट पण आहे.