‘व्हायरल लोड उत्तम आहे, शुगरचं दुसरीकडे विचारा’

प्रश्न : मी ५४ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला. २००९ पासून एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) चालू आहे, सध्या टीएलडी गोळी (तीन औषधं एकत्र असलेली). पत्नीही एआरटीवर आहे. मला मधुमेह असून मेटफॉर्मिन दिवसाला दोन ग्रॅम घेतो. पोट सारखं बिघडतं. एआरटी सेंटरचे डॉक्टर म्हणतात, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) उत्तम आहे, शुगरचं दुसरीकडे विचारा. शुगरचे डॉक्टर म्हणतात, ‘त्या’ गोळीचं तिकडेच विचारा. संसर्गाच्या डॉक्टरांना बाकीचं शिकवत नाहीत का?

उत्तर : शिकवतात, पण कमी पडतं. एप्रिल २००४ मध्ये सरकारी मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा पेशंट यायचे ते टीबी नाहीतर मेंदूज्वर घेऊन. आमची पिढी जंतू पकडण्यातच तयार झाली. हाच पेशंट पन्नाशी ओलांडून शुगर, बीपी घेऊन समोर बसेल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. आम्ही शिकलो तेच पुढच्यांना शिकवत राहिलो, तर तुमची टोलवाटोलवी थांबायची नाही.

तुमचंच उदाहरण घ्या. टीएलडीतल्या डोल्युटेग्रॅविरमुळे मेटफॉर्मिन किडनीतून कमी बाहेर पडतं आणि रक्तात साचतं. म्हणून दोन्ही चालू असताना मेटफॉर्मिन साधारणपणे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. पोटाचं कारण हेच असू शकेल. डोस मात्र स्वतःहून कमी करू नका. हे पान दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा.

डोल्युटेग्रॅविरने किडनीला इजा नसतानाही क्रिएटिनिन (किडनीचं काम तपासायला रक्तात मोजतात तो घटक) थोडं वाढलेलं दिसतं. अर्धवट शिकलेला डॉक्टर घाबरून गोळीच बदलतो. पण त्याच गोळीतलं टेनोफोविर किडनीला खरोखर त्रास देऊ शकतं, त्यामुळे ‘असू दे’ म्हणूनही चालत नाही. जुने रिपोर्ट शेजारी ठेवायचे, लघवीतलं प्रोटीन बघायचं, मग ठरवायचं. हे लेक्चरला बसून येत नाही. माझ्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणूनच मी मधुमेहाच्या आणि मानसोपचाराच्या ओपीडीत बसवते. कुरकुर करतात, करू देत.

आणखी एक सवय लावते : पेशंटला पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. ॲसिडिटीचं पातळ औषध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या असं काय काय निघतं! पेशंटच्या लेखी ती औषधंच नसतात, पण त्यांच्यामुळे डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम किंवा लोह टीएलडीबरोबर घ्यायचंच तर जेवणासोबत. ॲसिडिटीचं पातळ औषध घेण्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी टीएलडी.

हृदयाचंही विचारा. ४० ते ७५ वयाच्या एचआयव्हीग्रस्तांवरच्या ‘रिप्रिव्ह’ अभ्यासात (२०२३) पिटाव्हास्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. तुम्हाला तर मधुमेहही आहे. स्टॅटिनचा विषय डॉक्टरांनी काढला नाही, तर तुम्ही काढा.

वहिनींची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झाली आहे का, ते पत्रात नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना त्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो; पंचविशीनंतर दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी हवी. राहिली असेल तर पुढच्या गोळ्या आणायला जाल, त्याच फेरीत सेंटरला विचारून घ्या.