रिले ‘टक्’ वाजतो, तरी पंखा का फिरत नाही?

प्रश्न : माझी पेट्रोलवरची गाडी बारा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून सायनच्या वाहतूककोंडीत गाडी अडकली, की तापमानाचा काटा वर चढतो आणि रेडिएटरचा पंखा फिरत नाही. बॉनेट उघडून फ्यूजच्या डब्यावर थाप मारली, की तो सुरू होतो. फ्यूज शाबूत आहे, रिलेचा ‘टक्’ असा आवाजही येतो, म्हणून गॅरेजमध्ये मोटर बदलण्याचा सल्ला मिळाला. ती बदलावी का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मोटर तूर्त बदलू नये. थाप आपण मोटरवर नव्हे, तर तिच्यापासून दूर असलेल्या डब्यावर मारता आणि तरीही पंखा फिरू लागतो. यावरून दोष त्या डब्यातच, बहुधा रिलेत (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) किंवा तो बसतो त्या सॉकेटमध्ये आहे. मात्र तपासणी होईपर्यंत काटा चढताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे.

‘टक्’ आवाजाने अनेकांची फसगत होते. चार पिनांच्या नेहमीच्या रिलेत ८५ आणि ८६ या पिनांमध्ये कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे असते आणि तिच्यातून जेमतेम दीडशे मिलिअँपिअर प्रवाह गेला, तरी रिलेच्या आतली धातूची पट्टी ओढली जाऊन आवाज होतो. पंख्याचा खरा प्रवाह ३० कडून ८७ कडे, त्या पट्टीच्या टोकावरच्या संपर्कबिंदूंमधून जातो. ती टोके जळून काळी पडली असतील, तर आवाज येऊनही वीज पुढे जात नाही. मल्टिमीटरने रोध मोजला, तर तोही बरोबर दिसू शकतो, कारण मीटरचा प्रवाह अगदी क्षीण असतो. म्हणून पंख्याला वीज मिळायला हवी त्या वेळी, म्हणजे ‘टक्’ झाल्यानंतर, ३० आणि ८७ यांच्यामधला व्होल्टेज मोजावा. तो व्होल्टच्या काही दशांशांपेक्षा जास्त, म्हणजे एक-दोन व्होल्ट किंवा थेट बॅटरीइतका भरला, तर संपर्कबिंदू निकामी झाले आहेत.

मीटर नसेल, तर हॉर्नचा रिले पाहावा. त्याच्यावरचा क्रमांक, पिनांची मांडणी आणि अँपिअर तंतोतंत सारखे असतील, तरच अदलाबदल करावी. पंखा चालू लागला आणि हॉर्न अडखळू लागला, तर निदान पक्के. पंख्याचा वेग स्वतंत्र नियंत्रकाने कमी-जास्त होणाऱ्या गाड्यांना ही पद्धत लागू पडत नाही.

रिले काढताना चावी काढून घ्यावी, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरतो; बोटे त्याच्यापासून दूरच ठेवावीत. रिले सरळ वर ओढावा, पेचकसाने उचकटू नये. मग सॉकेट उजेडात नीट पाहावे, आणि हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पितळी क्लिपांवर हिरवट थर चढतो. क्लिप सैल पडली, की तिथे उष्णता निर्माण होऊन आजूबाजूचे प्लॅस्टिक तपकिरी होते. तसे दिसल्यास क्लिपसह सॉकेट बदलावे, नाहीतर नवा रिलेही काही दिवसांत जळेल. नवा रिले त्याच क्रमांकाचा घ्यावा. काही रिलेंच्या आत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग असतो; त्याची दिशा उलटी असेल, तर कॉइलच्या परिपथात शॉर्ट होतो.

शेवटी पंखा हाताने फिरवून पाहावा, तोही बॅटरीची ऋण तार काढूनच. तो जड फिरत असेल, तर बेअरिंग झिजल्यामुळे मोटर जास्त प्रवाह ओढते आणि संपर्कबिंदू त्यानेच जळले असावेत. असे आढळले, तरच मोटरचा खर्च करावा.